माकडाच्या मरणाची खबर

खसखशीच्या दाण्याएवढा जीव, त्याला डोळेही नाहीत. पाचोळ्यात, गवताच्या टोकावर पुढचे पाय पसरून तो बसून राहतो. त्या पायांवरच्या सूक्ष्म खाचेला जवळून जाणाऱ्या प्राण्याच्या अंगाची ऊब कळते, उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड कळतो. उडी नाही, धावणं नाही. कुणी घासून गेलं की चिकटायचं, बस्स. हे सह्याद्रीतल्या गोचिडीचं पिल्लू.

१९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडं मरून पडू लागली आणि रानात जाणारी माणसं तापानं फणफणली. माणूस आणि माकड एकदमच मरतात म्हटल्यावर पहिला संशय पीतज्वरावर गेला. तो आशियात कधीच आलेला नव्हता, पण त्याला पसरवू शकणारे डास इथे मुबलक होते. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रानं विषाणू शोधला तो भलताच निघाला: रशियातल्या मेंदूज्वराच्या विषाणूचा भाऊबंद! सायबेरियाहून येणाऱ्या पक्ष्यांनी तो आणला असेल का, हे पाहण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या पैशातून पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो पक्ष्यांच्या पायांत कडी घातली. पक्ष्यांवरचा आळ सिद्ध झाला नाही, पण आपल्या पक्षिशास्त्राचं चांगभलं झालं.

हा विषाणू माणसा-माकडांपर्यंत पोचवते ती गोचीडच, आणि खरी करामत तिच्या आयुष्यात आहे. तिला जन्मभरात तीनच जेवणं लागतात आणि तिन्ही रक्ताची. पहिलं उंदीर-चिचुंद्री किंवा पाखराचं. मग ती गळून पडते, कात टाकते, पण रक्तातून आलेला विषाणू कात टाकूनही तिच्यात टिकतो. दुसऱ्या जेवणाला माकड किंवा माणूस सापडतो. तिसरं बहुधा गाई-म्हशींवर, आणि त्यानंतर हजारो अंडी. गुरांना हा आजार होत नाही, पण ती रानात जितकी चरतील तितक्या गोचिडी वाढतात. माकडाच्या रक्तात मात्र विषाणू बेसुमार वाढतो. माकड मेलं, अंग गार पडलं की गोचिडी तिथेच खाली उतरतात आणि तेवढा तुकडा पुढचे काही आठवडे धोक्याचा होतो. माणसाकडून माणसाला हा ताप लागत नाही. आपण वाटेत सापडलेले, इतकंच.

अर्धशतकाहून अधिक काळ हा माकडताप शिमोगा आणि आसपासच्या जिल्ह्यांतच राहिला. २०१२ नंतर तो निलगिरी, वायनाडकडे दिसला, २०१५ला गोव्यात सत्तरीत आणि २०१६ला सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात. इथे तो काजूच्या बागांत भेटला. गोचिडीची पिल्लं ज्या महिन्यांत सर्वाधिक चपळ असतात, त्याच महिन्यांत माणसं पाचोळा चाळून काजूबिया वेचत असतात. दोन हंगाम एकमेकांवर असे तंतोतंत बसावेत, याला काय म्हणावं!

या तापावर नेमकं औषध नाही, आणि जुन्या लशीचा परिणाम कमी पडू लागल्यानं तिचा वापर थांबला. नव्या लशीवर काम चालू आहे. तोवर सगळी भिस्त लवकर कळण्यावर आहे, आणि ते माणसांच्या आधी माकडांकडून कळतं. म्हणून रानात किंवा बागेत मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका. वन खात्याला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवा. बागेत जाताना अंगभर कपडे घाला, मिळेल तर गोचिडी दूर ठेवणारं तेल लावा आणि घरी आल्यावर गरम पाण्यानं आंघोळ करून अंग नीट तपासा.