ब्रेकचा दिवा ‘डायरेक्ट’ करू नका

मुंबईच्या व्यापाऱ्याला मोटारगाडी ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. मंगलदास मार्केटचा कापडवाला असो की दादरचा किरकोळ दुकानदार, नमुन्यांच्या बॅगा घेऊन त्याला भिवंडी, मालेगाव गाठावेच लागते. पेट्रोलचा हिशेब तो पै-पैचा ठेवतो. ब्रेकचा सारा कारभार मात्र मिस्त्रीवर सोपवून मोकळा होतो. ब्रेक पॅड बदलल्यानंतरही डॅशबोर्डवरचा दिवा पेटलेलाच राहिला की मिस्त्री म्हणतो, “शेठ, काही नाही, वायर डायरेक्ट करून टाकतो.” दिवा विझतो आणि शेठ खूश होतो. हा सौदा स्वस्त वाटतो. प्रत्यक्षात तो फार महाग पडू शकतो.

आपल्या शहराची ओळख असलेल्या पद्मिनी टॅक्सीत असला दिवा नव्हता. तिला ड्रमचे ब्रेक. लायनर झिजले हे ड्रायव्हरच्या पायाला आणि कानाला समजे. ताडदेव आरटीओत २००३ साली नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली आणि तो जमाना संपला. दरम्यान १९९५ मध्ये पुण्यात मर्सिडीजची आणि २००७ मध्ये चेन्नईजवळ बीएमडब्ल्यूची जुळणी सुरू झाली. या गाड्या काही वर्षांनी सेकंडहँड बाजारात येतात, मध्यम व्यापाऱ्याच्या दारात उभ्या राहतात आणि दुरुस्तीसाठी परळ-लालबागच्या गल्लीतील गॅरेजमध्ये जातात. तेथेच हा दिव्याचा प्रश्न उभा राहतो.

दिवे दोन, अर्थ निराळे

पहिला दिवा लाल, वर्तुळात उद्गारचिन्ह असलेला. हँडब्रेक ओढलेला असेल किंवा ब्रेक ऑइल कमी झाले असेल तर तो पेटतो. पॅड झिजत जातात तसतसे कॅलिपरचे पिस्टन बाहेर सरकतात, त्यांच्या मागची जागा ऑइल भरून काढते आणि बाटलीतील पातळी खाली जाते. म्हणजे ऑइल कमी होण्याचे कारण गळती असू शकते, तसेच झिजलेले पॅडही असू शकतात. अशा वेळी पॅड न पाहता नुसते ऑइल ओतले तर दिवा विझतो, पण पॅड झिजलेले ते झिजलेलेच राहतात. पुढे नवे पॅड बसविताना पिस्टन मागे दाबले जातात, तेव्हा हेच जादा ऑइल बाटलीबाहेर येऊन गाडीचा रंग खराब करते.

दुसरा दिवा बहुधा पिवळा. वर्तुळाच्या दोन्ही बाजूंना तुटक कंस असतात. हा खास पॅडच्या झिजेचा दिवा. आपल्याकडील बहुतेक लहान गाड्यांत तो नसतोच. तेथे पॅडला लोखंडी पत्र्याची एक जीभ असते. पॅड पातळ झाले की ती डिस्कला घासून किंचाळते. हा आवाज म्हणजेच त्या गाडीचा दिवा.

दिवा केव्हा आपोआप विझतो?

मोठ्या गाड्यांत पॅडमध्ये एक वायर बसविलेली असते. पॅड ठराविक मर्यादेपर्यंत झिजले की ही वायर डिस्कला टेकते किंवा घासून तुटते आणि दिवा पेटतो. मर्सिडीज आणि ऑडीच्या अनेक मॉडेलांत नवे पॅड व नवा सेन्सर जोडला की दिवा आपोआप विझतो. तेथे वेगळे रीसेट करावे लागत नाही.

बीएमडब्ल्यूचे तसे नाही. तेथे सेन्सर टप्प्याटप्प्याने झिजतो आणि गाडीतील कॉम्प्युटर त्यावरून पॅड अजून किती किलोमीटर चालतील याचा हिशेब मांडतो. नवे पॅड बसले हे त्याला सांगावे लागते. अनेक मॉडेलांत पुढचा सेन्सर डाव्या चाकाला आणि मागचा उजव्या चाकाला असतो. पुढच्या-मागच्या पॅडची नोंदही वेगवेगळी ठेवली जाते.

तेव्हा क्रम असा ठेवावा. एकाच अॅक्सलच्या दोन्ही चाकांचे पॅड बदलावेत. डिस्कची जाडी मोजावी; कमीत कमी किती हवी तो आकडा बहुधा डिस्कवरच कोरलेला असतो. घासलेला सेन्सर पुन्हा वापरू नये. बाटलीतील ऑइलची पातळी पाहावी. गाडी हलविण्यापूर्वी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबावे. त्यानंतर दरवाजे बंद करून, इंजिन सुरू न करता इग्निशन चालू करावे. मीटरजवळचे बटण दाबून धरले की सर्व्हिसची यादी येते. तीत पुढच्या किंवा मागच्या ब्रेकचे चिन्ह निवडून रीसेट करावे. नव्या मॉडेलांत हेच काम पडद्यावरून होते. प्रत्येक मॉडेलची पद्धत थोडी निराळी असल्याने गाडीचे पुस्तक पाहणे उत्तम. ज्या गाडीत हँडब्रेक बटणाचा आहे, तिचे मागचे पिस्टन जबरदस्तीने दाबू नयेत. ती आधी मशीनने सर्व्हिस मोडमध्ये घ्यावी लागते.

आता महत्त्वाची गोष्ट. सेन्सर तुटलेला असेल तर बीएमडब्ल्यूचा कॉम्प्युटर रीसेट स्वीकारत नाही. अनेक मिस्त्री येथेच अडतात आणि वायरची दोन टोके जोडून मोकळे होतात.

दोरा तोडला म्हणून दाग जात नाही

कापडाच्या ताक्यात दाग असला की किनारीला दोरा बांधून तो दाखविण्याची आमच्या धंद्यात पद्धत आहे. कोणी तो दोरा तोडला तर माल निर्दोष होत नाही. फक्त गिऱ्हाईक फसते. वायर डायरेक्ट करणे म्हणजे हाच दोरा तोडणे होय. आज नवे पॅड आहेत म्हणून काही बिघडत नाही. पण वर्षा-दोन वर्षांनी ते संपतील, तेव्हा दिवा पेटणार नाही. लोखंडी पाठ डिस्क खाऊ लागेल. सेन्सरचे पैसे वाचविणाऱ्याला मग डिस्कचा जोड घ्यावा लागेल.

पैशाचे नुकसान तरी भरून निघते. लालबाग-हिंदमाताच्या गर्दीत गाडीचा वेग कमी असतो, तेथे दुबळा ब्रेकही कसाबसा चालून जातो. मालेगावहून परतताना कसारा घाटाच्या उतारावर त्याची खरी परीक्षा होते. झिजलेल्या पॅडमधून उष्णता ऑइलपर्यंत लवकर पोचते. त्यात आपल्या दमट हवेत ब्रेक ऑइल पाणी शोषते. डॉट ४ प्रतीच्या ऑइलचा उत्कलनबिंदू नवे असताना किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी शोषलेल्या ऑइलसाठी ही मर्यादा १५५ अंशांवर येते. ऑइल उकळले की पेडल पोकळ होऊन खाली जाते. म्हणून साधारण दोन वर्षांनी ऑइल बदलणे हितावह.

बिल आणि जुना माल मागा

ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्ट बाजारात अस्सल मालही मिळतो आणि नकलीही. पार्ट नंबर लिहिलेले पक्के बिल घ्यावे. पॅडच्या खोक्यात सेन्सर आहे की तो वेगळा घ्यावा लागेल, हे आधीच विचारावे. गॅरेजमधून काढलेले जुने पॅड व जुना सेन्सर परत मागावा. इग्निशन चालू करताच दिवा क्षणभर पेटून विझतो की नाही, तेही पाहावे. अर्थात, वायर डायरेक्ट केलेल्या गाडीतही तो असाच विझू शकतो. म्हणून सेकंडहँड गाडी घेताना चाक काढून सेन्सरची वायर डोळ्यांनी तपासणे आवश्यक आहे.

व्यापाऱ्याची गाडी पुष्कळदा त्याचा ड्रायव्हर चालवतो आणि पुढे ती दुसऱ्याला विकली जाते. वायर जोडल्याचे या दोघांनाही ठाऊक नसते. विझलेल्या दिव्यावर विश्वास ठेवून ते घाट उतरतात. त्यांचा जीव आपल्या काटकसरीवर टांगता ठेवण्याचा हक्क कोणत्याही शेठला नाही.