पायउतार होण्याचे शास्त्र

मराठी भाषेला घोड्याचे भारी वेड. आपले घोडामैदान नेहमी जवळ असते, आपण वरातीमागून घोडे आणतो, कचेरीत कागदी घोडे नाचवतो, आणि कुणी फार घाई केली की "घोड्यावर बसून आलायस का?" असे विचारतो. एवढ्या सगळ्या घोड्यांवरून खाली उतरण्यासाठी मात्र आपल्याकडे एकच ठसठशीत शब्द आहे, "पायउतार होणे". तोही आपण मंत्र्यांसाठी राखून ठेवला आहे. खरोखरच्या घोड्यावरून पायउतार कसे व्हावे, हे कुणी सांगत नाही.

हा विषय मंडळाच्या अंकात कशाला, असे काही वाचकांना वाटेल. कारण साधे आहे. इथे अमेरिकेत आपल्या उपनगरांच्या कडेला घोड्यांचे बार्न असतात. मुलगी आठ-नऊ वर्षांची झाली की मैत्रिणीच्या वाढदिवसाला तिथे जाते आणि घरी येऊन "मला रायडिंग शिकायचं आहे" म्हणते. उन्हाळ्याच्या कॅम्पातही घोडे असतात. मग आई-बाबा एका लांबलचक जबाबदारीच्या कागदावर सही करतात आणि कुंपणाला टेकून बघत बसतात. काही जण चाळिशीत स्वतःच खोगिरावर चढतात. मी त्यांपैकी एक. मुलीला सोडायला जात होतो, पुढे मीही शिकू लागलो. पेशाने इंजिनिअर असल्यामुळे प्रत्येक कृतीमागचे "का" विचारायची खोड आहे. त्या "का"ची जी उत्तरे मिळाली, ती इथे मांडतो.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. इथल्या बार्नमध्ये सॅडल, स्टिरप, रेन्स आणि गर्थ हे शब्द कानावर पडतील. आपल्याकडे त्यांना खोगीर, रिकीब, लगामाच्या वाद्या आणि तंग असे अस्सल शब्द आहेत. तंग म्हणजे घोड्याच्या पोटाखालून आवळलेला, खोगीर जागेवर धरणारा पट्टा. लेखात मी हेच शब्द वापरणार आहे.

धोका पडण्यात कमी, अडकण्यात जास्त

मध्यम आकाराच्या घोड्याचे वजन हजार ते बाराशे पौंड असते, म्हणजे सहा-सात माणसांइतके. हा प्राणी स्वभावाने पळपुटा आहे. हे मी दूषण म्हणून म्हणत नाही. गवत खाऊन जगणाऱ्या या प्राण्याला लांडगे आणि वाघ यांच्यापासून वाचवले ते त्याच्या पायांनीच. दचकला की तो आधी पळतो आणि विचार नंतर करतो. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचे दिसते. फक्त नाकासमोरचा आणि शेपटीमागचा थोडा भाग दिसत नाही.

आपण उतरतो तेव्हा काय होते ते पाहा. बसलेल्या स्वाराचा तोल दोन्ही बाजूंना सारखा असतो. उतरताना तो पूर्ण एका बाजूला जातो, एक पाय घोड्याच्या पाठीवरून फिरतो आणि लगामावरचा ताबा काही क्षण ढिला पडतो. नेमक्या त्याच क्षणी घोडा दोन पावले सरकला तर? तुम्ही पूर्ण वर असाल तर काही बिघडत नाही. पूर्ण खाली असाल तरी नाही. अर्धे वर, अर्धे खाली असाल आणि एक पाऊल रिकिबीत अडकलेले असेल, तर मात्र तुम्ही घोड्याला बांधलेले असता. तो ओढत नेतो आणि मागून काहीतरी येते आहे असे वाटून आणखी घाबरून पळतो.

म्हणून उतरण्याचे सगळे नियम एका तत्त्वात बसतात. घोड्याशी असलेले आपले सर्व दुवे आधी मोकळे करायचे. फक्त लगामाचा दुवा ठेवायचा, आणि तोही असा धरायचा की मूठ उघडली की सुटला पाहिजे. संगणकाच्या भाषेत बोलायचे तर कार्यक्रम बंद करण्यापूर्वी त्याने धरून ठेवलेल्या सगळ्या गोष्टी सोडाव्या लागतात, नाहीतर यंत्र अडकून बसते. इथे यंत्र अडकत नाही, माणूस अडकतो.

उतरण्याचा क्रम

आता क्रम सांगतो. हा इंग्लिश पद्धतीच्या खोगिरासाठी आहे, कारण मुलांचे बहुतेक शिक्षण त्यावरच सुरू होते.

पहिली गोष्ट जागेची. जमीन सपाट आणि मऊ हवी आणि दुसरा घोडा किमान एका घोड्याच्या लांबीइतका दूर हवा. हा सल्ला आजचा नाही. ग्रीक सेनानी झेनोफनने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अश्वारोहणावर पुस्तक लिहिले. इतर घोड्यांच्या गर्दीत किंवा माणसांच्या घोळक्याजवळ उतरू नये, आणि घोड्याने जिथे कष्ट केले तिथेच त्याला विसावाही मिळावा, असे त्याने त्यात सांगून ठेवले आहे. घोडा चारही पायांवर स्वस्थ उभा राहीपर्यंत थांबावे. शिकवणाऱ्या बाई किंवा बुवा "हो" म्हणेपर्यंत हलू नये.

दुसरी गोष्ट लगामाची. दोन्ही वाद्या डाव्या हातात घ्याव्यात, घोडा पुढे निघालाच तर थांबवता येईल इतपत आखूड. तोच हात घोड्याच्या मानेवर टेकवून थोडी आयाळही मुठीत धरावी. वादी बोटांना किंवा मनगटाला कधीही गुंडाळू नये. हातात छडी असेल तर तीही डावीकडे घ्यावी, म्हणजे पाय फिरवताना ती घोड्याला लागत नाही.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे दोन्ही पाय रिकिबीतून बाहेर काढावेत. दोन्ही! सिनेमात नायक डावा पाय रिकिबीत ठेवून रुबाबात उतरतो, ते बघून मुले तसे करायला जातात. त्यांना इथेच अडवावे.

चौथी गोष्ट, उजवा हात खोगिराच्या पुढच्या उंचवट्यावर टेकवून पुढे वाकावे आणि उजवा पाय मागून, घोड्याच्या पुठ्ठ्यावरून उंच फिरवून डावीकडे आणावा. बुटाचा घासा पुठ्ठ्याला लागता कामा नये. मागून अचानक काही लागले की घोडा दचकतो.

पाचवी गोष्ट, आता आपण पोटावर, खोगिराला आडवे टेकलेले असतो. इथे क्षणभर थांबावे. सदरा किंवा जाकिट खोगिराच्या उंचवट्यात अडकलेले नाही याची खात्री करावी, अंग किंचित बाहेर ढकलावे आणि सरळ खाली सरकावे. मागे झुकू नये. गुडघे वाकवून, चवड्यांवर, घोड्याच्या खांद्यालगत उतरावे. आपला पाय त्याच्या खुराच्या वाटेत नको. तोंड लगेच पुढच्या दिशेला करावे, आणि लगाम अजून हातातच हवा.

उतरल्यावर रिकिबी वर सरकवून ठेवाव्यात. लोंबत्या रिकिबी दाराच्या कडीत अडकतात. तंग एक-दोन भोके सैल करावा आणि वाद्या डोक्यावरून पुढे घेऊन घोड्याला डावीकडून चालवत न्यावे.

गुडघ्यांचे गणित

गुडघे वाकवा, असे शिकवणारे दहा वेळा सांगतात. त्यामागे शाळेतलेच भौतिकशास्त्र आहे. घोड्याची उंची "हँड" या मापाने मोजतात. एक हँड म्हणजे चार इंच. पंधरा हँडचा घोडा मानेच्या मुळाशी साठ इंच, म्हणजे पाच फूट उंच. साडेपाच फुटी माणूस त्याच्यावरून पोटावर सरकत आला की पावले आणि जमीन यांत साधारण ४० सेंटिमीटर अंतर उरते असे धरू. हे ४० सेंटिमीटर आपण पडतो. थांबण्यासाठी किती अंतर वापरतो, त्यावर पायांना बसणारा हिसका ठरतो. पाय ताठ ठेवले आणि शरीर दोन सेंटिमीटरांत थांबले, तर सरासरी जोर आपल्या वजनाच्या २१ पट होतो. गुडघे वाकवून २० सेंटिमीटरांत थांबले तर तो फक्त तिप्पट. उंची तीच, वजन तेच, फरक केवळ गुडघ्याचा. चाळिशीनंतर हे गणित लवकर पटते.

आणखी एक. तासभर बसल्यावर मांड्या आखडतात आणि पावले बधिर होतात, थंडीत तर विशेषच. रिकिबीतून पाय काढल्यावर घोटे दोन-तीनदा फिरवावेत आणि मग उतरावे. खाली आल्यावर पाय आपले वाटेपर्यंत खोगिराला धरून उभे राहावे. त्यात कमीपणा नाही.

डावीकडूनच का?

स्वार उजव्या हाताने लढायचे, म्हणून तलवार डाव्या कमरेला लटकायची. डावीकडून चढले-उतरले की ती घोड्याच्या पाठीवर अडखळत नाही, असे कारण सांगितले जाते. तलवारी गेल्या, रिवाज राहिला. घोड्यालाही त्याच बाजूची सवय असते. म्हणून नवशिक्याने डावी बाजू सोडू नये. पुढे दोन्ही बाजूंचा सराव केलेला चांगला, कारण डोंगरवाटेवर कधी डावीकडे दरी असते.

उजवा पाय मानेवरून पुढून टाकून बाकावरून उतरल्यासारखे उतरणे मात्र सर्वस्वी टाळावे. त्यात लगाम ढिला पडतो, हाताला काही आधार राहत नाही, आणि घोड्याने मान वर केली तर आपण पाठीवर पडतो.

वेस्टर्न खोगीर आणि माथेरानचा घोडा

कॉलरॅडो किंवा अॅरिझोनात सहलीला गेलात तर वेस्टर्न खोगीर मिळेल. त्याला पुढे उंच शिंग असते. पोटावर टेकून सरकायला गेले तर त्यात कपडे अडकतात. म्हणून तिथे डावा पाय रिकिबीत ठेवून, शिडी उतरल्यासारखे, उजवा पाय जमिनीवर टेकवतात आणि मग डावा काढतात. पण रिकिबीत फक्त चवडा ठेवायचा, पाऊल आत घुसवायचे नाही, आणि मदतनिसाला घोडा धरायला सांगायचे. ज्याचा पाय जमिनीपर्यंत पोचत नाही त्याने, विशेषतः मुलांनी, दोन्ही पाय मोकळे करून अंग शिंगापासून दूर ठेवत सरकणेच बरे.

सुट्टीत देशात गेल्यावर मुले माथेरानला किंवा महाबळेश्वरच्या वेण्णा तलावापाशी घोड्यावर बसतात. तिथेही तत्त्व तेच. घोडेवाल्याला घोड्याच्या तोंडाशी उभे राहून लगाम धरायला सांगावे, मुलाचे दोन्ही पाय बाहेर आहेत हे स्वतः पाहावे आणि ओढणी किंवा लोंबता पट्टा आधी आवरून घ्यावा.

घोडा थांबतच नसेल तर

चांगल्या शाळा मुलांना आणीबाणीचे उतरणे शिकवतात. आधी उभ्या घोड्यावर, मग चालत्या, मग दुडक्या. दोन्ही पाय मोकळे करायचे, मानेवर हात टेकून पाय फिरवायचा, बाजूला उतरायचे आणि घोड्याच्याच दिशेने दोन-चार पावले धावायचे, कारण आपल्या अंगात त्याचा वेग असतो. घोड्याची चाल ताशी चारेक मैल, दुडकी आठेक मैल. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. म्हणूनच भरधाव घोड्यावरून उडी मारणे हा शेवटचा उपाय. जागा असेल तर वर टिकून राहून एका वादीने त्याला मोठ्या वर्तुळात वळवावे आणि वर्तुळ हळूहळू लहान करत जावे. पडणे अटळ झाले तर मात्र लगाम सोडावा. घोडा पळाला तर पळू द्यावा.

"सुपरमॅन" ख्रिस्तोफर रीव्ह २७ मे १९९५ रोजी व्हर्जिनियात कलपेपर येथील स्पर्धेत पडला. उडीपाशी घोडा थबकला, रीव्ह पुढे फेकला गेला आणि हात लगामाच्या साजात अडकल्यामुळे त्याला ते पुढे करता आले नाहीत. हेल्मेट होते, तरी मानेचे सर्वांत वरचे दोन मणके मोडले. २००४ साली वारला तोपर्यंत तो चाकाच्या खुर्चीत होता. तो उत्तम स्वार होता आणि हा उतरण्याचा अपघात नव्हता, पण दुवा वेळेवर न सुटल्याची किंमत यातून कळते.

पालकांनी काय पाहावे

सायकलचे हेल्मेट इथे चालत नाही. घोडेस्वारीसाठीचे, ए.एस.टी.एम. एफ ११६३ मानकाचे हेल्मेट घ्यावे आणि त्यावर एकदा जोरात आपटले की बदलावे. बुटाला इंचभर टाच हवी, म्हणजे पाऊल रिकिबीतून आरपार जात नाही. तळ गुळगुळीत हवा. धावण्याचे, खोल नक्षीचे बूट नकोत. रिकीब बुटापेक्षा इंचभर रुंद हवी. मुलांसाठी एका बाजूला रबराचा पट्टा असलेली रिकीब मिळते. पाय अडकला तर तो पट्टा निसटतो आणि पाय सुटतो.

आणि शाळा निवडताना फी आणि अंतर याबरोबर एक प्रश्न जरूर विचारावा: "उतरायला कधी शिकवता?" "पहिल्याच तासाला, घोडा चालवायच्या आधी," असे उत्तर आले तर निश्चिंत मनाने कुंपणाशी खुर्ची टाकावी. "ते येतं आपोआप," असे उत्तर आले तर दुसरे बार्न शोधावे. मांड पक्की व्हायला वर्षे लागतात. सुखरूप पायउतार व्हायला अर्धा तास पुरतो, आणि तो अर्धा तास आधी खर्च केलेला बरा.