संगीताला चाळीस वर्षं लागली!

मैत्रिणींनो, २००० मध्ये झुंपा लाहिरीच्या पहिल्याच कथासंग्रहाला पुलित्झर मिळालं, तेव्हा आपल्याकडेही केवढं कौतुक झालं! वृत्तपत्रमालक जोसेफ पुलित्झर यांच्या मृत्युपत्रातून १९१७ मध्ये अमेरिकेत हे पुरस्कार सुरू झाले. पत्रकारिता आणि साहित्यासाठी. चरित्राचा पहिलाच मान ज्युलिया वॉर्ड हाऊ यांच्या लेकींना, आईचं चरित्र लिहिलं म्हणून. किती छान ना?

१९४३ पासून संगीतरचनाही आली. तिथे मात्र बाईचं नाव लागायला १९८३ उजाडलं. त्या एलेन झ्विलिक. आधी त्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवत. म्हणजे वाजवायला बाई चालते, पण वाद्यवृंदानं काय वाजवायचं हे तिनं ठरवायचं म्हटलं, की चाळीस वर्षं!

आपल्या भजनी मंडळात चाली कोण बांधतं गं?