ओळखीच्या माणसाजवळ

जूनमध्ये अंगणवाडी भरू लागली की पहिले आठ-पंधरा दिवस रडारडीचे जातात. तीन वर्षांचं पोर आजीचा पदर सोडत नाही. एकाने गळा काढला की त्याचं पाहून दुसरं सुरू होतं. मदतनीस एकाला कडेवर घेऊन, दुसऱ्याचं बोट धरून दारात उभी. वाळूज एमआयडीसीलगतची कामगार वस्ती असो की सोयगावकडचा तांडा, हे दिवस सगळीकडे सारखेच. मुरलेली सेविका तेव्हा घाई करत नाही. पहिल्या दिवशी ती आजीला वर्गातच बसवून घेते, मग दाराशी, मग बाहेर ओट्यावर. मुलाने मान वळवली की आजी दिसली पाहिजे, एवढंच ती सांभाळते. एक दिवस मूल मान वळवायचं विसरतं आणि समोरच्या ठोकळ्यांत रमतं.

पुढच्या सगळ्या वर्षाचं शिक्षण या पंधरवड्यावर उभं असतं, असं माझं ठाम मत आहे. घाबरलेलं मूल रंग ओळखत नाही, गाणं म्हणत नाही, प्रश्न तर विचारतच नाही. त्याचं सगळं लक्ष एकाच गोष्टीवर खिळलेलं असतं: माझं माणूस कुठे आहे? बालशिक्षणाच्या आराखड्यांत भावनिक विकास हा शारीरिक, बौद्धिक, भाषिक विकासाच्या रांगेतला आणखी एक मुद्दा म्हणून येतो. प्रत्यक्षात बाकीच्या सगळ्यांना वाट त्याच्यातूनच काढावी लागते.

या प्रश्नाशी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याचं जवळचं नातं आहे. २०१८ च्या सुमारास राज्याची एकात्मिक बालविकास सेवा योजना, युनिसेफ आणि सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था यांनी 'आरंभ' हा उपक्रम सुरू केला, तो दोन जिल्ह्यांत: यवतमाळ आणि तेव्हाचं औरंगाबाद. रोख होता जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांवर, म्हणजे जी अंगणवाडीत येऊन बसत नाहीत त्यांच्यावर. या वयाच्या मुलाशी योजनेचा संबंध तोवर मुख्यतः वजनकाटा, लसीकरण आणि घरी न्यायच्या आहाराच्या पाकिटापुरता होता. 'आरंभ'ने सेविकेच्या घरभेटीला दुसरं काम दिलं. आईने बाळाशी बोलावं, त्याच्या हुंकाराला हुंकार द्यावा, घरातली वाटी, चमचा, डबा, कापडाचा तुकडा त्याच्यासमोर ठेवून त्याला उलथापालथ करू द्यावी, हे दाखवायचं काम. मातांच्या बैठका झाल्या, पालक मेळावे भरले, आणि त्यांत बापांना आणि आजोबांनाही बोलावलं गेलं. बापाने लेकराला खेळवणं हे सरकारी योजनेचं काम ठरावं, ही मला मोठी घटना वाटते.

यामागचा सगळ्यांत भक्कम पुरावा जमैकातल्या किंग्स्टन शहरातून येतो. सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६-८७ मध्ये तिथल्या गरीब वस्त्यांतली नऊ ते चोवीस महिन्यांची, वाढ खुंटलेली १२९ मुलं निवडली आणि त्यांचे चार गट केले. एका गटाला दूधपावडरीचा पूरक आहार, एका गटाच्या घरी आठवड्यातून एकदा तासभर आरोग्य सेविकेची भेट, एका गटाला दोन्ही, एकाला काहीच नाही. दोन वर्षं हे चाललं. भेटीत ती बाई घरगुती वस्तूंची खेळणी घेऊन आईसोबत बसायची आणि मुलाशी कसं खेळावं ते करून दाखवायची. मुलं २२ वर्षांची झाली तेव्हा पुन्हा गाठली गेली. ज्यांच्या घरी भेटी झाल्या होत्या, त्यांची कमाई न झालेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी जास्त निघाली. मारामारी आणि नैराश्यही त्यांच्यात कमी आढळलं. नुसत्या आहाराचा असा दूरगामी परिणाम कमाईत दिसला नाही. यावरून खिचडी बंद करा असं कुणी म्हणू नये. उपाशी मूल खेळत नाही. पण पोट भरल्यावर त्याला कोण लागतं, याचं उत्तर या अभ्यासात आहे.

आईच्या चेहऱ्याचं बाळाला काय मोल असतं, हे एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात साध्या प्रयोगाने दाखवलं. आई बाळाशी हसत-बोलत असते. मग थोडा वेळ ती चेहरा निर्विकार ठेवते, काहीच प्रतिसाद देत नाही. बाळ आधी हसून बघतं, बोट दाखवतं, हात पुढे करतं. काही जमत नाही म्हटल्यावर तोंड फिरवतं, रडतं. त्यानंतरच्या पिढीत बुखारेस्टच्या अनाथालयांतल्या १३६ बालकांचा दीर्घ अभ्यास झाला. तिथे सांभाळणारी माणसं सतत बदलत आणि एकेकाच्या वाट्याला बरीच मुलं येत. जी मुलं दोन वर्षांची होण्याआधी कुटुंबात गेली, ती इतरांपेक्षा कितीतरी सावरली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सांगतं की मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास वयाच्या सहाव्या वर्षाआधी होतो. हे वाक्य आता शिकवण्यांच्या जाहिरातींतही वापरलं जातं, जणू त्या वर्षांत जितकं कोंबाल तितकं थोडं. बुखारेस्टची मुलं सांगतात की त्या वर्षांत मेंदूला सर्वांत आधी टिकणारं माणूस हवं असतं.

आपल्या घरांतलं वास्तवही इथे मांडायला हवं. मूल जेवत नाही, तर बुवा येईल. झोपत नाही, तर पोलीस धरून नेईल. पडून रडलं तर मुलगा असून रडतोस? मायेत कुठेच कमी नसलेली माणसं हे बोलतात, कारण त्यांनाही असंच वाढवलं गेलं. पण भीतीने गप्प बसलेल्या मुलाला स्वतःला शांत करता येत नाही, फक्त दडपता येतं. 'तुला राग आलाय, कारण त्याने तुझी गाडी घेतली' असं मोठ्या माणसाने म्हटलं, की मुलाच्या हाती त्या रागाचं नाव येतं आणि पुढच्या वेळी हात उगारण्याऐवजी ते कदाचित बोलेल. 'असर' या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या २०१९ च्या अहवालात चार ते आठ वर्षांच्या मुलांना चित्रांतले चेहरे दाखवून आनंद, दुःख, राग, भीती ओळखायला सांगितलं होतं. अंक आणि अक्षरांच्या चाचणीशेजारी हा प्रश्न ठेवला गेला, हे योग्यच झालं.

आई स्वतःच कोवळ्या वयाची असेल तर हा सगळा भार कुणावर टाकायचा? पैठण तालुक्यातल्या पाचोडच्या इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंटने १९९० च्या दशकाअखेरीस अविवाहित किशोरींसाठी वर्षभराचा जीवनकौशल्यांचा वर्ग चालवला. काही वर्षांत त्या भागात लग्नाचं मध्यमान वय १६ वरून १७ वर गेलं. एका वर्षाची ही वाढ छोटी दिसते. ज्या मुलीला ती मिळाली, तिच्या बाळाला थोडी मोठी आई मिळाली.

शहरात प्रश्न वेगळं रूप घेतो. गारखेडा, सिडको, मुकुंदवाडी, कुठेही गल्लीगल्लीत इंग्रजी नर्सरी आहे. साडेतीन वर्षांच्या मुलाला तिथे चार रेघांच्या वहीत गिरवायला लावतात आणि मुलाखत घेऊन प्रवेश देतात. घरात दखनी बोलणारं किंवा गोरमाटी बोलणारं मूल तिथे पहिल्या दिवशी मुकं होतं. पोट दुखतंय, शू लागली, त्याने मारलं, हे सांगायलाही त्याच्याजवळ शब्द उरत नाहीत. आपल्या भाषेत समजूत घालणारं कुणी नसेल, तर ते रडतं किंवा चावतं, आणि शाळा घरी निरोप पाठवते की मूल हट्टी आहे. आई-बापांना दोष देण्यात अर्थ नाही; इंग्रजीची भाकरी त्यांनी जवळून पाहिली आहे. पण ती भाकरी तीन वर्षांच्या वयात भाजायला घ्यायची गरज नाही, हे त्यांना विश्वासाने सांगणारं कुणी भेटत नाही.

महाराष्ट्राला हे सगळं नवं नाही. गिजुभाई बधेकांसोबत काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम उभं केलं आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. आदिवासी मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा या बायका पाड्यावर जाऊन त्यांच्या अंगणात बसल्या. मोठी भावंडं शाळेत का येत नाहीत, हे पाहता कळलं की धाकट्याला सांभाळायला घरी कुणी नाही. मग पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र घेऊन त्यांनी विकासवाडी काढली. १९५७ मध्ये काम कोसबाडला गेलं. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांनी बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा महाराष्ट्रात मेळघाटातलं धारणी त्यात होतं. अंगणवाडी गावोगाव पोचली. पण मूल जिथे आहे तिथे जाऊन बसायचं आणि त्याच्या भावंडासकट त्याला घ्यायचं, हे कोसबाडचं शहाणपण नियमावलीत पुरतं उतरलं नाही.

ते सर्वांत जास्त कधी खटकतं, तर दिवाळीच्या दिवसांत. कन्नड, पैठण, सोयगावच्या काही वाड्या-तांड्यांवरून आणि शेजारच्या बीडमधून तर फार मोठ्या संख्येने, ऊसतोड टोळ्या याच सुमारास निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि लहानगं त्यांच्यासोबत ट्रॅक्टरवर. जूनमध्ये रडत आलेलं, श्रावणात रुळलेलं, नवरात्रात गाणी म्हणू लागलेलं मूल गळीत हंगामभर कारखान्याच्या तळावरच्या कोपीत असतं. मार्च-एप्रिलमध्ये परततं तेव्हा ओळख नव्याने करावी लागते. औरंगाबादच्या 'जनार्थ' संस्थेने २००० नंतरच्या दशकात कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा चालवल्या, आणि मोठ्या मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न राज्याच्या नजरेस आणला. त्या मोठ्या बहिणीच्या कडेवरचं अडीच वर्षांचं भावंड मात्र आजही कुणाच्या खात्यात नीट बसत नाही.

२०२२ मध्ये महिला व बालविकास विभागाने स्थलांतरित लाभार्थ्यांचा माग ठेवणारी प्रणाली आणली. मूल दुसऱ्या जिल्ह्यात गेलं तरी त्याचा आहार आणि लस चुकू नये, हा तिचा हेतू चांगला आहे. त्यात मला आणखी एक पान हवं आहे, गावच्या सेविकेने लिहिलेलं: हे मूल घरी कोणती भाषा बोलतं, त्याला कोणत्या नावाने हाक मारतात, रडलं तर कशाने शांत होतं, कशाला घाबरतं, कोणत्या गाण्यावर टाळ्या वाजवतं. तळाजवळच्या अंगणवाडीतल्या सेविकेने ते वाचलं, तर तिला पंधरा दिवसांऐवजी कदाचित चार दिवसांत त्या मुलाचा हात धरता येईल.

सेविका म्हणतील, आणखी एक नोंद? त्यांचं खरं आहे. त्यांना पगार नाही, मानधन आहे. २०२१ मध्ये निकृष्ट फोन आणि इंग्रजी ॲपला कंटाळून त्यांनी शासनाला फोन परत केले. ४ डिसेंबर २०२३ पासून मानधनासाठी त्या दीड महिन्याहून अधिक काळ संपावर होत्या. दिवसाचा मोठा भाग फोटो आणि आकडे भरण्यात जातो, आणि तो मुलांच्या वेळेतून जातो. म्हणून हे पान हवं असेल तर दुसऱ्या चार नोंदी काढून टाकाव्या लागतील. कोणत्या काढायच्या, हे मुंबईत बसून ठरवू नये. तळाशेजारच्या आणि तांड्यावरच्या सेविकांना एकत्र बसवून विचारावं, आणि तेही ऑक्टोबर उजाडायच्या आत.