लाल डगला, काळी माती

लाल डगल्यावर उजेड दाखवायचा असेल तर लालात पांढरा मिसळायचा नाही. डगला गुलाबी होतो. चिमूटभर नारिंगी घ्यायचा आणि ब्रशच्या टोकाने खांद्यावर, कोपरावर, बाहीच्या चुणीवर तेवढा टेकवायचा. हे मी नॉटिंगहॅममधल्या एका निवृत्त शिक्षकांच्या माडीवर पाहिलं. भिंगाच्या दिव्याखाली त्यांच्या चिमटीत होता तो शिपाई तळपायापासून डोळ्यांपर्यंत जेमतेम 28 मिलिमीटर. संपादकांनी मला पाठवलं होतं टेबलावरच्या लढायांच्या खेळावर लिहायला. खेळ पाहिलाही, पण मन रमलं ते रंगवण्यात.

खेळाचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. प्रशियाच्या सैन्याने 1824 मध्ये अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी नकाशावरची युद्धक्रीडा स्वीकारली. त्यात सैनिक नव्हते, ठोकळे होते. एच. जी. वेल्स यांनी 1913 मध्ये ‘लिटल वॉर्स’ लिहून खेळण्यातले शिपाई दिवाणखान्याच्या फरशीवर उतरवले. 1959 पासून एअरफिक्सने प्लास्टिकचे शिपाई स्वस्तात विकायला सुरुवात केली, पण ते प्लास्टिक मऊ. शिपाई वाकला की रंगाचे पोपडे निघत. रंगवणाऱ्याला धातूच हवा होता. 1978 मध्ये नॉटिंगहॅमजवळच्या न्यूअर्क गावात असे धातूचे शिपाई ओतणारी सिटाडेल ही कंपनी निघाली. तिथे घडलेल्या माणसांनी पुढे याच परिसरात आपापले कारखाने काढले. धंद्यातले लोक या भागाला ‘लेड बेल्ट’, म्हणजे शिशाचा पट्टा, म्हणतात. आता मिश्रधातूत शिशापेक्षा कथिलच जास्त असतं, तरी नाव टिकून आहे.

मूळ शिपाई घडतो दोन रंगांच्या इपॉक्सी लुगदीतून. त्यावरून रबराचा गोल साचा निघतो, साचा गरगर फिरवतात आणि वितळलेला धातू त्या वेगाने बोटांच्या पेरापेरांत जाऊन बसतो. इथले ॲलन आणि मायकेल पेरी हे जुळे भाऊ या शिल्पकामातले मोठे नाव. जुन्या लढाईच्या एका पुनर्प्रयोगात तोफेच्या अपघातात मायकेल यांनी उजवा हात गमावला. त्यानंतर ते डाव्या हाताने कोरायला शिकले. त्यांच्या नंतरच्या शिपायांच्या बंदुकीचा चाप पाहिला की या माणसाबद्दलचा आदर शब्दांत मावत नाही.

पण शिपाई कितीही सुबक असला तरी रंगाशिवाय तो टेबलावर मुका असतो. खऱ्या माणसाच्या अंगावर उजेड स्वतःच सावली पाडतो. बोटाएवढ्या माणसावर ती सावली इतकी फिकी पडते की हातभर अंतरावरून सगळा शिपाई सपाट दिसतो. म्हणून सावली हाताने रंगवावी लागते. आधी काळा अंडरकोट. मग प्रत्येक रंगाच्या तीन छटा: गडद, मधली, उजळ. रंगवायचं आतून बाहेर: आधी चेहरा, मग डगला, मग पट्टे, शेवटी बंदूक. पट्टा आणि डगला यांच्यामध्ये काळ्याची केसाएवढी रेघ सोडायची. लांबून डोळ्याला आकार कळतो तो त्या रेघेमुळे. छातीवरचे पांढरे पट्टे सगळ्यात अवघड. थेट पांढरा लावला तर खडूसारखा दिसतो. हे शिक्षक गृहस्थ आधी राखाडी देतात आणि पांढरा फक्त कडेवर. बोलता बोलता ते ब्रशचं टोक जिभेवर नव्हे, ओल्या स्पंजावरच्या कागदावर फिरवून टोकदार करत होते. अर्ध्या तासात एका शिपायाचे दोन पट्टे झाले, आणि मला एकदाही घड्याळ पाहावंसं वाटलं नाही.

टेबलावरची लढाई आपल्याकडची होती: असई. 23 सप्टेंबर 1803, आजच्या जालना जिल्ह्यात भोकरदनजवळ, खेळणा आणि जुई नद्यांच्या बेचक्यात. एका बाजूला आर्थर वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. दुसरीकडे शिंदे आणि नागपूरकर भोसले यांची फौज, तिचा कणा म्हणजे पोलमन या युरोपीय अधिकाऱ्याच्या हाताखालचे शिंद्यांचे कवायती कंपू आणि शंभरच्या आसपास तोफा. त्या तोफांनी 74 व्या हायलँडर पलटणीची दाणादाण उडवली होती.

अडचणी इथून सुरू होतात. इंग्रजांची बाजू रंगवणाऱ्याला काही शोधावं लागत नाही. 74 व्या पलटणीची कॉलर पांढरी, 78 व्या पलटणीची फिकट पिवळसर बदामी, हे छापील आहे. कंपूंचं काय? शिंद्यांसाठी द बॉइन या सेनानीने उभ्या केलेल्या पलटणींच्या लाल डगल्यांचे उल्लेख मिळतात. पण 1803 च्या त्या दिवशी कुठल्या पलटणीचं पागोटं कुठल्या रंगाचं, पट्टे काळे की पांढरे, निशाणावर काय होतं? गृहस्थांनी मला कपाट उघडून दाखवलं. हायलँडर पूर्ण रंगवलेले, रांगेत उभे. कंपूंचे शिपाई काळ्या अंडरकोटात तसेच. एका शिपायामागे 20 माणसं धरली तरी दहा हजारांच्या पायदळाला पाचशे शिपाई लागतात. अंदाजाने एवढे रंगवायचे आणि नंतर खरा रंग सापडायचा, या धास्तीने त्यांनी हात आखडला आहे. “मी शिक्षक होतो,” ते म्हणाले. “माहीत नसलेलं फळ्यावर लिहायची सवय नाही मला.”

शिपायांच्या पायाखालची जमीन मात्र त्यांनी रंगवून टाकली होती: पिवळी वाळू, सुकलेलं गवत, वाळवंट. मला राहवलं नाही. सप्टेंबरअखेर मराठवाड्यात पावसाळा नुकता सरत असतो. माती काळी, ओली, बुटाला चिकटणारी; ज्वारी-बाजरी उभी, बांधावर गवत हिरवंगार. त्यांनी सगळं लिहून घेतलं, काळी म्हणजे नेमकी किती काळी ते दोनदा विचारलं आणि आठवडाभरात तळ खरवडून काढले, असं पत्राने कळवलं.

मातीचं मला सांगता आलं. पागोट्याचं नाही सांगता आलं, आणि ते लागतं आहे. शिंद्यांच्या तोफांपुढे इंग्रज फौजेतली दीड हजारांवर माणसं मेली वा जखमी झाली. त्या तोफांमागे पाय रोवून उभ्या राहिलेल्या आपल्या शिपायांनी काय घातलं होतं, हे दोनशे वर्षांनी नॉटिंगहॅमच्या एका म्हाताऱ्या शिक्षकाला छळतं आणि आपल्याला नाही, हे बरं नव्हे. मोडी वाचणाऱ्या अभ्यासकांना विनंती आहे: पेशवे दफ्तरात किंवा सरदार घराण्यांच्या रुमालांत कंपूंसाठी घेतलेल्या बनातीचा, पागोट्यांचा, पट्ट्यांच्या कातड्याचा एखादा हिशेब हाती लागला, तर तो किरकोळ खर्च म्हणून मागे ठेवू नका. तारखेसकट, रंगाच्या मूळ शब्दासकट छापा.