जवारीचा हात

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यावर सविस्तर लिहून द्या, असे संपादकांनी सांगितले म्हणून मी मिरजेला गेलो. सतारमेकर गल्लीत मानांकनाचा विषय पहिल्या चहाबरोबर संपला. त्यानंतर मी जे पाहत बसलो, ते तळहाताहून लहान अशा एका हाडाच्या पट्टीवर चाललेले काम होते. नवा कोरा तंबोरा समोर आडवा ठेवला होता. पॉलिश झालेले, नक्षी झालेली, तारा चढलेल्या. बघणाऱ्याला वाद्य पुरे झाले असेच वाटावे. छेडले तेव्हा मात्र आतून कोरडा, बोथट ठणठणाट आला.

मिरजेचा इतिहास इथे कुणालाही विचारा, पाठ आहे. १८५० च्या सुमारास शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब आणि मोईनुद्दीन हे भाऊ तंतुवाद्यांकडे वळले, असे सांगतात. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे. संस्थानी लढायांचे दिवस सरले, तलवारींचे काम आटले आणि बसलेला हात लाकडाकडे गेला. पटवर्धन संस्थानिकांना गाण्याची आवड होती. दरबारात गवई येत आणि त्यांची वाद्ये बिघडत. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर याच तालुक्यातल्या बेडगचे. डोळ्यांच्या उपचारासाठी मिरजेत आलेले विष्णू दिगंबर पलुस्कर बुवांकडे इथेच शिकले. किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी तर मिरजेलाच घर केले. १९३७ साली ते गेले, त्यांची कबर मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे आणि उरुसात त्यांच्या स्मरणार्थ आजही गाणे होते. खाँसाहेब वाद्यांची दुरुस्ती स्वतः करत. असे कान गावातच राहत असतील, तर कारागिराला कच्चे काम खपवता येत नाही. मिरजेच्या वाद्याचे नाव झाले ते या शेजारामुळे, असे माझे मत आहे.

तंबोऱ्याची घडण भोपळ्यापासून सुरू होते. हा भोपळा कडू, खाण्याचा नव्हे. तो पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतो. वेलावरच पिकवून, वाळवून आणलेले भोपळे कारखान्यात आकाराप्रमाणे रचून किंवा टांगून ठेवलेले असतात. कारागीर त्यातला एक उचलतो, फिरवून बघतो, बोटाने टिचकी मारतो आणि बऱ्याचदा परत ठेवतो. पुरुषाच्या खालच्या स्वराला मोठा घेर लागतो, बाईच्या उंच स्वराला लहान. निवडलेला भोपळा कापून पाण्यात भिजवतात, आतला गर आणि बिया खरवडून काढतात आणि तोंड आक्रसू नये म्हणून आत काड्यांचा ताण देऊन पुन्हा वाळवतात. दांडी आणि तबली तुनाच्या लाकडाची. तबली म्हणजे भोपळ्यावर बसणारी वरची फळी. स्वर खुलतो तो हिच्या कंपनाने. ती जाड राहिली तर आवाज कोंडतो, फार पातळ झाली तर तारांच्या ताणाखाली काही वर्षांत बसते. रंध्याने तासताना मापपट्टी फारशी हाती घेतलेली मी पाहिली नाही. ठोकून ऐकायचे, पुन्हा एक सालपट काढायचे, पुन्हा ठोकायचे. गळ्याचा जोड, खुंट्या, भोपळ्यावरची लाकडी पाने, लाखेचे पॉलिश, ही सगळी कामे वेगवेगळ्या हातांची असतात आणि प्रत्येकाची वाहवा करता येईल. पण मला थांबवले घोडीने.

घोडी म्हणजे तबलीवर उभा केलेला तो आधार, ज्याच्यावरून तारा जातात. गिटारीवर किंवा व्हायोलिनवर हा आधार अरुंद असतो, तार एका रेघेवर टेकते आणि मोकळी होते. तिथे तार आधाराला घासून झणझणू लागली तर कारागीर तो दोष मानतो आणि काढून टाकतो. तंबोऱ्यात याच झणझणाटासाठी जिवाचे रान करतात. घोडी रुंद असते आणि तिचा माथा पुढून मागे अगदी किंचित उतरता, गोलसर. तार त्या उतारावरून जवळजवळ चिकटून निघते. छेडल्यावर ती माथ्याला टेकते, सुटते, पुन्हा टेकते, आणि टेकण्याची जागा क्षणाक्षणाला सरकते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक दोरा सरकवलेला असतो. तो नेमक्या जागी आला की एका तारेतून स्वरांचा अख्खा समूह उमलू लागतो. याला जवारी म्हणतात.

हे काम शास्त्रज्ञांनाही कोड्यात टाकणारे होते. तार जिथे छेडावी, तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू असेल तो उपस्वर ऐकू येऊ नये, असा युरोपीय ध्वनिशास्त्राचा नियम. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली कोलकात्याहून प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवले, की तंबोरा आणि वीणा हा नियम पाळत नाहीत. जो स्वर गप्प राहायला हवा तोही त्यांच्यातून जोरकस येतो, आणि त्याचे कारण घोडीच्या घडणीत आहे. खर्जाची पितळी तार छेडून ती विरेपर्यंत ऐकली, तर कुणी न लावलेला गंधार वर तरंगताना ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. पेटीवरचा गंधार त्याच्यापेक्षा किंचित चढा असतो. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीतून पुस्तक लिहिले. त्यांच्या प्रयोगांना अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची साथ होती. पुढे श्रुतींची खास पेटीही विलायतेत तयार करवून घेण्यात आली. ती पेटी आज कोणी वाजवत नाही. तंबोऱ्यातला गंधार मात्र जवारी बरोबर लागली की रोज आपोआप हजर होतो.

ती जवारी लावणारे चाचा साठीच्या पुढचे. मांडी घालून बसलेले, तंबोऱ्याची दांडी खांद्याला टेकलेली, शेजारी दोन-तीन कानशी, एक पातळ पाते आणि घासकागदाचे तुकडे. त्यांनी तारा सैल केल्या, घोडी सोडवून हातात घेतली आणि दाराकडून येणाऱ्या उजेडात डोळ्यांसमोर आडवी धरली. माथ्यावर उजेडाची रेघ पडते. ती रेघ कुठे तुटते, कुठे जाड होते ते बघून उंचवटा कळतो. मग कानशीचे तीन-चार हलके हात, तेही एका तारेखालच्या भागापुरते. बोटाने भुकटी पुसली. घोडी जागेवर, तारा ताणल्या, स्वर जुळवला, तारेत ओवलेल्या खालच्या मण्याने बारकावा साधला आणि दोरा नखाने केसभर पुढे ढकलला. छेडले. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा सगळे सोडले. हे किती वेळा झाले ते मी मोजले नाही, दुपार गेली. माझ्या ध्यानात आली ती एक गोष्ट: तार छेडल्याबरोबरचा ठोका ते ऐकतच नव्हते. त्यांचे लक्ष शेपटाकडे होते, आवाज विरत जातो त्या शेवटच्या भागाकडे. सुरुवातीला सगळेच तंबोरे बरे वाजतात. कच्ची जवारी शेपटात उघडी पडते, तिथे स्वर मध्येच तुटतो किंवा पत्र्यासारखा होतो.

त्याच वेळी साताऱ्याच्या एक गायनशिक्षिका आपला नवा तंबोरा न्यायला आल्या होत्या. त्यांनी बसून बराच वेळ छेडला, डोळे मिटून ऐकला आणि म्हणाल्या, "चाचा, खर्ज छान आहे. जोडीच्या तारा जरा बंद वाटतात हो."

"काळी चारलाच गाता ना?"

"हो."

"मग थोडी बंदच न्या ताई. आज मोकळी करून दिली तर चार महिन्यांत कर्कश होईल. वाजवा, तार आपली जागा करू दे, मग घेऊन या."

नव्या वाद्याचे सगळे मर्म या उत्तरात आहे. पोलादी तार रोज त्याच जागी घासते, हाडाच्या माथ्यावर बारीक खाच पडते आणि जवारी हळूहळू मोकळी, मग जास्तच मोकळी होते. त्यामुळे चांगला कारागीर आजच्या आवाजासाठी घोडी घासत नाही, पुढच्या काही महिन्यांच्या रियाजाचा हिशोब धरून घासतो. लाकूडही वाजून वाजून सैलावते. शिवाय कुणाला गोल, आत वळलेली जवारी हवी असते, कुणाला मोकळी आणि धारदार. गाणारा कोणत्या पट्टीत गातो, आवाज जाड की पातळ, हे ठाऊक नसेल तर नेमकी जवारी लावताच येत नाही. दुकानात टांगलेला तंबोरा म्हणूनच कधी पूर्ण नसतो.

आता अडचणींकडे येतो, आणि त्या थोड्या नाहीत. भोपळ्याचे पीक पावसावर अवलंबून. अवकाळी पाऊस किंवा नदीचा पूर आला की वेल कुजतो, आणि मोठ्या घेराचा, जाड सालीचा भोपळा मिळेनासा होतो. ज्या रानात पाण्याची सोय झाली तिथे शेतकरी ऊस लावणार, त्याला कोण काय म्हणणार? हस्तिदंत आणि सांबरशिंग कायद्याने बंद झाले, ते योग्यच झाले. पण त्यांच्या जागी हाड, शिसवी लाकूड किंवा कृत्रिम पदार्थ घेऊन प्रत्येकाची कानस आणि प्रत्येकाचा उतार नव्याने शिकावा लागला. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बंगळुरात इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला आणि आता तो फोनमध्ये शिरला आहे. फोनवरचा तंबोरा प्रवासात सोयीचा आहे, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्याला आधार आहे, त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण त्याच्यातला स्वर दर वेळी तोच येतो. त्याच्यावरच वाढलेल्या कानाला जवारी उतरलेली कळत नाही, आणि ज्या गिऱ्हाइकाला ती कळत नाही त्याच्यासाठी कारागीर दुपारभर कानस धरून कशाला बसेल?

माझी खरी काळजी ही आहे. मानांकन वाद्याच्या नावाचे रक्षण करते. दुसरीकडे बनलेला तंबोरा मिरजेचा म्हणून विकता येऊ नये, ही तरतूद फार गरजेची होती आणि त्यासाठी खटपट करणाऱ्या कारागिरांचे ऋण मानले पाहिजे. पण जवारीचा हात कोणत्याही नोंदणीत येत नाही. भोपळा कापायला, दांडी तासायला पोरगा काही वर्षांत तयार होतो. नक्षी आणि पॉलिशही शिकवता येते. जवारीला आधी कान लागतो, आणि कान घडायला चांगल्या वाद्यांच्या संगतीत वर्षे काढावी लागतात. एवढी वर्षे कमी मजुरीवर बसून राहा, असे आजच्या मुलाला कोणत्या तोंडाने सांगायचे? चाचांची मुले नोकरीला लागली. एक पुतण्या संध्याकाळी कामावरून येऊन शेजारी बसतो, तारा चढवतो, छेडतो, ऐकतो. घोडी अजून त्याच्या हाती दिलेली नाही.

मजुरीची गोष्ट तर मला फारच खटकली. नव्या तंबोऱ्याच्या किमतीत लाकूड, भोपळा, नक्षी, पॉलिश यांचा हिशोब होतो. जवारी त्यातच धरलेली असते. जुने वाद्य आले तर तिला किरकोळ दुरुस्ती समजतात. तार बदलल्याचे आणि जवारी लावल्याचे पैसे गिऱ्हाईक एकाच दमात देते आणि तेही घासाघीस करून. नक्षीदार पानांसाठी जादा मोजणारी माणसे स्वरासाठी मोजायला तयार नसतात. हे बदलले नाही तर मिरजेत तंबोरे बनत राहतील, सुंदर दिसतील, मानांकनाचे लेबल मिरवतील आणि वाजतील ते त्या कोऱ्या वाद्यासारखे, कोरडे.

म्हणून संगीत विद्यालयांना आणि महोत्सव भरवणाऱ्या मंडळांना माझी विनंती आहे, की जवारीचे काम स्वतंत्र कारागिरी म्हणून धरा, तिचे वेगळे आणि भरघोस मोल द्या, आणि तिच्यासाठी शिकाऊ मुलांना विद्यावेतन मिळेल असे काही उभे करा. सातारा-सांगलीकडच्या वाचकांना तर आणखी सोपे आहे. घरात आजीचा किंवा आत्याचा तंबोरा खोळीत उभा असेल, तर त्याच्या तारा थोड्या सैल करा, भोपळ्याखाली जाड चादर घ्या आणि तो स्वतः घेऊन मिरजेला जा; पार्सलने पाठवू नका. कोण गाणार, कोणत्या पट्टीत, ते सांगा. जवारी लागेपर्यंत तिथेच बसून ऐका, आणि पैसे देताना घासाघीस करू नका.