घरी केलेलं रॉक गाणं कच्चं का वाटतं?

स्वतःचं रॉक गाणं घरी रेकॉर्ड करू पाहणाऱ्या मुलामुलींच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं: "जरा चांगला माइक घेतला की करू." पैसे जमेपर्यंत गाणं वहीत पडून राहतं. याचं फार वाईट वाटतं, कारण महागड्या साधनांशिवाय रॉक होत नाही हा समज खोटा ठरून कितीतरी वर्षं झाली.

ब्रूस स्प्रिंगस्टीनने जानेवारी १९८२मध्ये न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घरात, कॅसेटवर चालणाऱ्या चार ट्रॅकच्या टीॲक यंत्रावर काही गाणी टिपून ठेवली. तो बँडला ऐकवण्यासाठी केलेला कच्चा खर्डा होता. पुढे बँडला घेऊन स्टुडिओत तीच गाणी वाजवून पाहिली, पण त्या कॅसेटमधली धग येईना. शेवटी कॅसेटवरचीच गाणी 'नेब्रास्का' या नावाने प्रसिद्ध झाली. माइक होते शुअरचे एसएम ५७, जे आजही वाद्यांच्या दुकानात सहज मिळतात. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला टॉम शॉल्झ. पोलरॉइड कंपनीत नोकरी करता करता त्याने 'बॉस्टन' बँडच्या १९७६च्या पहिल्या अल्बममधली बहुतेक वाद्यं आपल्या घराच्या तळघरात रेकॉर्ड केली, आणि तो अल्बम आजही चकचकीत वाटतो. अर्थात, यावरून हे काम सोपं आहे असं समजू नये. शॉल्झ एमआयटीत शिकलेला इंजिनिअर होता आणि वर्षानुवर्षं त्या तळघरात राबला होता. त्या मेहनतीला दुकानात पर्याय मिळत नाही.

खोलीबद्दलचे समज तर फारच चिवट आहेत. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवले की खोली साउंडप्रूफ होते, असं अजूनही सांगितलं जातं. आवाज अडवायला वजन लागतं आणि फटी बुजवाव्या लागतात. पुठ्ठ्याकडे यातलं काहीच नाही. तो वरच्या पट्टीतला थोडा आवाज शोषतो, बस. बेस गिटारच्या सर्वांत जाड तारेचा स्वर साधारण ४१ हर्ट्झचा असतो आणि त्याची ध्वनिलहर आठ मीटरहून लांब. तिला हा पुठ्ठा जाणवतही नाही. परिणामी खोली वरून मंद आणि खालून घुमणारी होते, शिवाय पुठ्ठा पेट घेतो तो वेगळाच धोका.

शेजाऱ्यांपर्यंत आवाज जाऊ न देणं आणि रेकॉर्डिंगमध्ये खोलीचा घुमारा येऊ न देणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं फ्लॅटमध्ये जवळपास अशक्य आहे, म्हणून गिटार सरळ इंटरफेसमध्ये लावून ॲम्पचा आवाज सॉफ्टवेअरमधून घ्यावा. दुसरं काम घरातल्या जाड गोधड्या करतात. मात्र गोधडी टांगायची ती गाणाऱ्याच्या पाठीमागे. बहुतेक गायनाचे माइक समोरून ऐकतात, त्यामुळे गायकाच्या मागच्या भिंतीवरून परतलेला आवाजच त्यांच्यात जास्त शिरतो. पंखा बंद करावा, खिडकी माइकच्या पाठीकडे ठेवावी आणि तोंड माइकपासून वीतभर किंवा त्याहून जवळ असावं. अंतर निम्मं केलं की थेट आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो, खोलीचा घुमारा मात्र तेवढाच राहतो.

आता गिटार, कारण घरगुती रॉक सर्वांत जास्त इथेच फसतो. आवाज दणदणीत हवा म्हणून डिस्टॉर्शनचं बटण शेवटपर्यंत फिरवलं जातं. एकट्या गिटारवर ते छान वाटतं. पण डिस्टॉर्शन तारेवरचा आघात दाबून टाकतं आणि वरचे उपस्वर वाढवतं; असे दोन-चार थर एकमेकांवर आले की रिफचा चिखल होतो. एसी/डीसीच्या माल्कम यंगची ऱ्हिदम गिटार नीट ऐका. तिच्यात वाटतं त्यापेक्षा खूप कमी डिस्टॉर्शन आहे. वजन येतं ते हाताच्या नेमक्या फटक्यातून आणि खालच्या बेसमधून.

दुसरी चूक याहून सर्रास होते. एक टेक कॉपी करून एक प्रत डावीकडे आणि एक उजवीकडे ठेवली की गिटार रुंद होते, असं वाटतं. तसं होत नाही. दोन्ही कानांत तंतोतंत तोच आवाज आला की मेंदूला तो मधोमधच ऐकू येतो, फक्त थोडा मोठा. एक प्रत काही मिलिसेकंद मागे सरकवली तर रुंदी भासते, पण मोबाइलच्या एकाच स्पीकरवर दोन्ही एकत्र येऊन आवाज पोकळ होतो. रिफ पुन्हा, पहिल्यापासून वाजवावा लागतो. दोन टेकमध्ये हाताचा जो बारीक फरक पडतो, तीच रुंदी.

"ते मिक्समध्ये बघू" हा तर सगळ्या गैरसमजांचा बाप. सूर सुटलेली गिटार, घाबरत गायलेली ओळ, एकमेकांशी न जुळलेले बेस आणि किक ड्रम मिक्समध्ये लपवता येतात, सुधारता येत नाहीत. पुन्हा वाजवायला पाच मिनिटं लागतात.

लेव्हलचं थोडक्यात सांगतो. काटा लालपर्यंत न्यायची सवय टेपच्या काळातली आहे. २४ बिट रेकॉर्डिंगमध्ये शिखरं उणे १० डेसिबलच्या आसपास राहिली तरी काही बिघडत नाही. शून्याच्या वर गेलेला आवाज मात्र कापला जातो. मास्टर जितका मोठा तितका परिणाम जास्त, हेही आता खरं नाही. स्पॉटिफाय गाणी साधारण उणे १४ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) या पातळीवर आणून वाजवतं, म्हणजे ठेचून मोठं केलेलं गाणं तिथे खाली ओढलं जातं आणि ठेचलेलंच राहतं. मेटॅलिकाच्या 'डेथ मॅग्नेटिक' (२००८) अल्बमवर त्यांच्या चाहत्यांनीच अशा ठेचलेल्या आवाजासाठी टीका केली होती.

गाणं तयार झालं की हक्कांचा प्रश्न येतो. कॉपीराइटसाठी नोंदणी सक्तीची नाही. भारतात १९५७च्या कायद्यानुसार गाणं निर्माण होताच हक्क मिळतो. मात्र शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे असतात, म्हणून मित्राने चाल दिली असेल तर वाटणी आधीच लिहून ठेवावी.

राहिला मराठी रॉक. "आपली भाषा रॉकमध्ये बसत नाही," हे अनेक मराठी मुलं मनापासून मानतात आणि इंग्रजीत लिहू लागतात. शब्द कळत नाहीत याचं खरं कारण बहुधा मिक्समध्ये असतं. व्यंजनांची स्पष्टता मुख्यतः २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये असते आणि गिटारही नेमकी तिथेच ओरडते. गाण्याच्या ओळी चालू असताना गिटारचा तेवढा पट्टा तीनेक डेसिबलने खाली घ्या. भ, फ, थ म्हणताना निघणारी हवा माइकवर आदळू नये म्हणून माइक तोंडाच्या किंचित बाजूला ठेवा. आणि ओळ लिहितानाच दुसऱ्या व चौथ्या मात्रेवरच्या स्नेअरखाली गुरू अक्षर येतंय का ते म्हणून बघा. तिथे लघु अक्षर आलं तर गायक ते ओढतो आणि शब्द मोडतो. तेव्हा माइक लावण्याआधी ओळच बदला.